ऑर्गन आला आणि गावकरी उठले

चर्चमधला पाइप ऑर्गन मला मनापासून आवडतो. पण इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत तो ज्यांना उठवून बसला, त्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून ही पोस्ट.

18व्या शतकाच्या मध्यापासून पुढची जवळपास शंभर वर्षं तिथल्या कितीतरी गावांत रविवारची उपासना गावातल्याच वादकांच्या जोरावर चालायची. चर्चच्या पश्चिमेच्या लाकडी गॅलरीत व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, बासून घेऊन कोण बसायचं? सुतार, गवंडी, चांभार, शेतमजूर. कुठेकुठे ‘सर्पंट’ही असायचा. सुमारे अडीच मीटर लांबीची, सापासारखी वळवलेली लाकडी नळी, वरून कातडं चढवलेलं. सुरात ठेवायला महाकठीण.

कादंबरीकार थॉमस हार्डीचे आजोबा डॉर्सेटमधल्या स्टिन्सफर्डच्या चर्चमध्ये चेलो वाजवायचे, वडील व्हायोलिन. पेशाने गवंडी. अशा वादकांच्या हाताने उतरवलेल्या वह्या मला फार मोलाच्या वाटतात. एका बाजूने उघडली की स्तोत्रं, उलटी करून दुसऱ्या बाजूने उघडली की नाचाच्या धुना! देव आणि लग्नघर एकाच वहीत.

1830 नंतर सुधारणेचं वारं आलं. पाद्र्यांना शिस्त हवी होती, झगे घातलेले गायक हवे होते, आणि गॅलरीतली मंडळी कोणाचं ऐकून घेणारी नव्हती. मग ऑर्गन आले. लहान गावांत बॅरल ऑर्गन, म्हणजे खिळे ठोकलेला लाकडी दंडगोल. दांडा फिरवला की ठरावीक दहाबारा चाली वाजणार. 1842 मध्ये पॅरिसच्या दबँ नावाच्या वाद्यकाराने हार्मोनियमचं पेटंट घेतलं आणि पुढे तीही स्वस्तातली सोय झाली. गॅलऱ्या उखडल्या गेल्या.

वादक बेसूर वाजवत असतील, मान्य. मग शिकवायचं होतं त्यांना! सात-आठ घरांचा चर्चशी असलेला हाताचा संबंध एका फटक्यात तोडला. हार्डीने 1896 मध्ये हेच लिहिलं: अनेकांच्या जागी एकटा ऑर्गनवाला बसला आणि गावाचा चर्चमधला जीव कमी झाला. मला ते शंभर टक्के पटतं.

तीच हार्मोनियम आपल्याकडे आली आणि गाण्याच्या साथीला सारंगीच्या जागी बसली. पेटीवर माझं प्रेम आहे, तरी सारंगियांच्या घरांचं काय झालं हे विचारायलाच हवं.

इंग्लंडमध्ये आता काही हौशी गट त्या जुन्या वह्यांतलं संगीत पुन्हा वाजवतात. ‘वेस्ट गॅलरी म्युझिक’ असं शोधा आणि जरूर ऐका.