एअर रिसीव्हरच्या दाबचाचणीबद्दल आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या कामाला एक तारा देताना आपण लिहिले आहे, की आपल्या एअर रिसीव्हरची (कॉम्प्रेसरची दाबलेली हवा साठवणाऱ्या टाकीची) हवेने तासाभरात उरकणाऱ्या चाचणीसाठी आम्ही पाण्याचा हट्ट धरला व आपला प्लांट दोन दिवस बंद राहिला. १० बारचे प्रमाणपत्र मागितले असता आम्ही ८ बारचे दिले. आपला गेज (दाबमापक) नाकारला. शिवाय स्टेनलेस स्टीलच्या (एसएस ३०४) पाइपलाइनच्या चाचणीत आपल्या बोअरचे पाणी नाकारून टँकरचा खर्च वाढवला, १० मिनिटे पुरत असताना दाब जास्त वेळ धरला आणि आपल्याला सकाळी लवकर बोलावले. पुढे आपण असेही लिहिले आहे, की त्यानंतर दुसऱ्या एका एजन्सीने तोच रिसीव्हर हवेने ११ बारला तपासून १० बारचे प्रमाणपत्र देऊन टाकले. एरवी मी चार ओळींत उत्तर दिले असते. परंतु तो रिसीव्हर आज १० बारला चालू असेल, तर खर्चाचा आणि वेळेचा मुद्दा मला दुय्यम वाटतो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आपला रिसीव्हर आडवा, १ मीटर आतील व्यासाचा आणि ३ घनमीटर क्षमतेचा आहे. नेमप्लेटवर रंगाचे इतके थर चढले होते, की ती खरवडल्याखेरीज एकही आकडा वाचता येत नव्हता, आणि त्यावरही वेल्डच्या रेडिओग्राफीचा (क्ष-किरणांसारख्या किरणांनी केलेल्या तपासणीचा) उल्लेख नव्हता. ड्रॉइंगसाठी आम्ही थांबलो ते याच कारणाने. ड्रॉइंग आल्यावर समजले, की पत्रा एसए ५१६ ग्रेड ७० (दाबाच्या टाक्यांसाठीचे पोलाद), मूळ जाडी ८ मिलिमीटर आणि रेडिओग्राफी केलेली नाही. एएसएमई सेक्शन ८, डिव्हिजन १ या दाबाच्या टाक्यांच्या अमेरिकी कोडनुसार अशा वेल्डची कार्यक्षमता (अखंड पत्र्याच्या तुलनेत धरायची ताकद) ०.७ धरावी लागते. पत्र्याचा अनुज्ञेय ताण १३८ मेगापास्कल धरला, तर १० बारसाठी किमान ५.२ मिलिमीटर जाडी हवी.

अल्ट्रासोनिक गेजने घेतलेली रीडिंग्ज वरच्या भागात साडेसातच्या पुढे होती. तळाशी मात्र, जिथे ड्रेन वेळेवर न उघडल्याने पाणी साचून राहते, तिथे लाँग सीमला (टाकीच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या वेल्डला) अगदी लागून ४.६ मिलिमीटर जाडी भरली. खात्रीसाठी तो पट्टा घासून स्वच्छ केला आणि आपल्या मेन्टेनन्स इंजिनिअरांच्या समक्ष पुन्हा मोजला, तरी आकडा तोच आला. हा गंज सीमपासून दूर असता, तर तिथे वेल्डची कार्यक्षमता १ धरता आली असती आणि १० बार कायम ठेवण्याचा विचार करता आला असता. सीमलगत तशी सवलत घेता येत नाही. ४.६ मिलिमीटरवर हिशेब ८.८ बारचा येतो आणि पुढील गंजासाठी थोडी जाडी हातात ठेवायची असल्याने आम्ही ८ बार ठरवले. आपल्या लाइनला साडेसहा बार पुरतात, हे आपल्याच मेन्टेनन्स विभागाने आम्हाला सांगितले होते, त्यामुळे या निर्णयाने उत्पादनात अडथळा येण्याचे कारण नव्हते.

आता आपण विचाराल, की ११ बारला रिसीव्हर फुटला नाही, गळलाही नाही, मग अडचण कुठे आहे? त्या दाबाला त्या पातळ जागी पत्र्यावर साधारण १२० मेगापास्कल ताण येतो आणि या पोलादाची शरणबिंदूची मर्यादा (ज्यापुढे पत्रा कायमचा ताणला जातो) २६० च्या घरात आहे. म्हणजे त्या दिवशी तो टिकणारच होता. दाबचाचणीतून गळती आणि ढोबळ दोष कळतात, जाडी कळत नाही. कोडने ठेवलेले सुरक्षेचे अंतर वेल्डमधील न दिसणाऱ्या दोषांसाठी, रोजच्या चढउतारासाठी आणि पुढच्या गंजासाठी असते, आणि ते अंतर आपल्या रिसीव्हरच्या तळाशी खर्ची पडले आहे.

हवेच्या चाचणीबद्दल मला फार कळकळीने सांगायचे आहे. ३ घनमीटर हवा ११ बारला दाबली, की तिच्यात ४५ लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठते, म्हणजे साधारण एक किलो टीएनटीइतकी. त्याच दाबाला पाणी भरले, तर पत्र्याचा ताण धरूनही हा आकडा दोन-अडीच हजार ज्यूलच्या पुढे जात नाही. पाण्याच्या चाचणीत सीम उघडली तर पाणी उडते आणि दाब क्षणात उतरतो. हवेच्या चाचणीत जवळ उभ्या असलेल्या माणसाला सावरायलाही वेळ मिळत नाही. म्हणूनच कोडने हवेची चाचणी फक्त अशा भांड्यांसाठी ठेवली आहे, जी पाण्याचे वजन पेलू शकत नाहीत किंवा ज्यांत पाण्याचा अंशही चालत नाही. आपल्या रिसीव्हरचे सॅडल (खालचे आधार) भक्कम आहेत आणि पाणी त्यात रोजच साचते. त्यामुळे ८ बारच्या १.३ पट, म्हणजे १०.४ बारला आम्ही पाण्यानेच चाचणी घेतली. वेळ प्रामुख्याने गेला तो ड्रॉइंगची वाट पाहण्यात आणि नंतर आतून कोरडे करण्यात.

आपला गेज ० ते १०० बारचा होता आणि त्याच्या डायलवरची एक बारीक रेघ २ बारची होती. कोडनुसार डायल गेजची कक्षा चाचणीदाबाच्या दीड ते चार पटींतच असावी लागते, म्हणून आम्ही आमचा कॅलिब्रेट केलेला २५ बारचा गेज लावला.

एसएस ३०४ पाइपलाइनच्या चाचणीच्या बाबतीत, बोअरच्या पाण्यात क्लोराइड ५० पीपीएमपेक्षा जास्त निघाले. असे पाणी वेल्डच्या खाचेत साचून वाळले, की स्टेनलेस पाइपला आतून बारीक छिद्रे पडू लागतात, आणि त्याचा पत्ता काही महिन्यांनी गळतीनेच लागतो. टँकरचा खर्च त्यापुढे किरकोळ होता. पाइपलाइनच्या बी ३१.३ या कोडमध्ये दाब किमान १० मिनिटे धरायला सांगितले आहे हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण ती किमान मर्यादा आहे. प्रत्येक जोड डोळ्यांनी तपासायला लागेल तेवढा वेळ दाब टिकवावाच लागतो. आणि आपल्याला सकाळी लवकर यायला सांगितले, कारण भरून बंद केलेल्या लाइनीतले पाणी उन्हाने एका अंशाने तापले तरी दाब काही बारने चढतो.

सर्व रीडिंग्ज आणि जागांच्या खुणा दाखवणारा नकाशा अहवालाला जोडलेला आहे. आमच्यावर विश्वास नसेल, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मान्यता दिलेल्या अन्य कोणत्याही सक्षम व्यक्तीकडून त्याच खुणांवर जाडी मोजून घ्यावी. वेल्डलगतची रीडिंग्ज ५.२ च्या वर निघाली, तर आमचे पूर्ण बिल मी परत करीन. तोवर कॉम्प्रेसरचा कट-आउट (आपोआप बंद होण्याचा दाब) साडेसात बारवर आणावा, सेफ्टी व्हॉल्व्ह ८ बारला सेट करून सील करावा आणि तळाचा ड्रेन प्रत्येक पाळीला उघडावा, ही विनंती. व्हॉल्व्ह सेट करून देण्यासाठी माझा माणूस उद्या सकाळीच येईल आणि त्याचे पैसे घेतले जाणार नाहीत.