‘पिंजरे उघडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मे महिना लागला, गावची पोरं मुंबईला मामाकडे निघाली, की एक मेसेज ग्रुपांवर फिरायला लागतो. यंदाही फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘कोकणी माणसा, परसात जंगल असताना राणीच्या बागेत कैदी बघायला कशाला जातोस? बिबट्या, गवा, मगर, कासव, सगळं आपल्याकडे फुकटात दिसतं. तिथले प्राणी जंगलातून पकडून आणलेले. पेंग्विन बर्फातले, ते मुंबईच्या उकाड्यात तडफडतात. प्राणिसंग्रहालयांनी आजवर एक जात वाचवलेली नाही. पिंजरे उघडा, सगळ्यांना सोडून द्या.’ खाली जोडलेले हात आणि ‘पुढे पाठवा’.

लिहिणाऱ्याला मुक्या जनावरांचा कळवळा आहे हे दिसतंच. पण मजकुरातलं बरंचसं चूक आहे, आणि जिथे बोट ठेवायला हवं होतं तिथे त्याने ठेवलेलंच नाही.

‘सगळं फुकटात दिसतं.’ दिसतं कुठे? असतं. बिबट्या आहेच, पण बहुतेकांना तो कळतो तो सकाळी पाणंदीतल्या चिखलात उमटलेल्या पंजावरून, नाहीतर कुत्र्याची नुसती साखळी उरली म्हणून. विहिरीत पडला तर मात्र सगळा गाव बघतो. कठड्यावर माणसांची झुंबड, हातात मोबाइल, आरडाओरडा, आणि खाली पोहून पोहून दमलेलं जनावर. त्यापेक्षा जाळीमागचा बिबट्या परवडला. खवले मांजर जिवंत पाहिलेली माणसं गावात विचारत फिरा, फार सापडणार नाहीत. पिसोरीची तर बातच नको. सह्याद्रीच्या दाट रानात हे हरणासारखं जनावर आहे, सशाहून जेमतेम मोठं, वजन तीनेक किलो. शिंगं नाहीत, नराला बारीक सुळे, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा. रानाच्या कडेला जन्म काढलेल्यांनाही ते ऐकूनच माहीत असतं.

मगरींचं म्हणाल तर वाशिष्ठीच्या खाडीत त्या आहेत, आणि थंडीत चिखलावर ऊन खात पडलेल्या होडीतून दिसतात. जरूर बघा. पण होडीतून दिसतो तो काठाला लागलेल्या ओंडक्यासारखा करडा आकार, आणि होडी जवळ गेली की तोही पाण्यात. तोंड मिटलेलं असताना खालच्या जबड्याचा चौथा दात बाहेर दिसतो, डोळ्यावरून एक पारदर्शक पापणी आडवी सरकते, हे चार हातांवरूनच बघावं लागतं, आणि चार हातांवरून मगर बघायची तर मध्ये काहीतरी पाहिजे. पाणघोडा तर कुणाच्याच परसात येणार नाही.

आता ‘फुकट’ या शब्दाकडे. पैसे आपण देत नाही, किंमत जनावर देतं. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्या बघा: कळप दिसला रे दिसला की चारी बाजूंनी इंजिनं त्याच्यावर घालायची, म्हणजे गिऱ्हाईकाला पाठ दिसते आणि पैसे वसूल होतात. घाटात वानरांना वेफर्स खिलवून आपणच त्यांना गाडीच्या काचेवर यायला शिकवलं. आंबोलीला पावसात रात्री टॉर्च घेऊन बेडूक शोधायला जायची आता मोठी हौस आहे. तिथे एक अंगावर पट्टे असलेला छोटा भेक आहे, जगात फक्त आंबोलीच्या परिसरात सापडणारा. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद २००९ साली केली. जांभ्याच्या कातळावर पावसाचं बोटभर पाणी साचतं, त्यात तो अंडी घालतो. अशा डबक्यात एक बूट पडला की त्याचं त्या पावसातलं घर संपलं. सांगायचं एवढंच, की मोकळ्या रानात बघणं आपोआप निरुपद्रवी होत नाही. राणीच्या बागेत तुम्ही कितीही धसमुसळे असलात तरी खंदक आणि काच तुम्हाला आवरते.

मेसेजमध्ये कासव आलंय ते तर फारच गमतीचं. वेळासला पर्यटक बघतात ती पिल्लं मोकळ्या वाळूत आपसूक फुटलेली नसतात. मादी रात्री अंडी घालून गेली की कार्यकर्ते घरटं उकरतात, अंडी मोजून किनाऱ्यावरच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा पुरतात आणि दीड-दोन महिने राखण करतात. मग एक दिवस वाळू हलते, पाटीखाली पिल्लं जमतात, ती सकाळ-संध्याकाळ पाण्याच्या दिशेने सोडली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली हे काम सुरू केलं, त्याआधी बरीच घरटी माणसं आणि कोल्हे-कुत्रे साफ करायचे. म्हणजे माणसाने हात घातला, कुंपण घातलं, म्हणून कासवं वाचली. कुंपण दिसलं की ‘कैद’ म्हणायचं, तर वेळासलाही म्हणा.

‘जंगलातून पकडून आणलेले.’ एकेकाळी हे खरं होतं. राणीची बाग १८६२ साली उघडली, तेव्हापासून पुढे कित्येक दशकं जगभर हाच धंदा चालला. आज तसं नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली आलं, आणि त्याच्या मान्यतेवाचून देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. प्राण्यांची देवघेवही मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांतच, परवानगीने होते. राणीच्या बागेत २०२० साली वाघाची जोडी आली ती औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून, ताडोबातून नव्हे. बाकी पाहुणे असतात ते जखमी, आईवेगळे, परत रानात जगू न शकणारे.

पेंग्विनच्या बाबतीत मेसेजवाल्याने सोपा नेम धरला आणि तोही चुकवला. हे हम्बोल्ट पेंग्विन. त्यांचं घर पेरू आणि चिलीचा किनारा. तिथे बर्फ नाही, उलट किनाऱ्याला लागून वाळवंट आहे. समुद्राचा प्रवाह तेवढा थंड. बागेत ते उघड्यावर ठेवलेले नाहीत, थंड पाण्याच्या वातानुकूलित काचघरात आहेत. २०२१ मध्ये तिथे जन्मलेली पिल्लं जगलीही. टीका करायचीच होती तर मुद्दे पडलेले होते: २०१६ च्या जुलैत आठ पक्षी आले आणि ऑक्टोबरात एक दगावला, २०१८ मध्ये फुटलेलं पहिलं पिल्लू काही दिवसांत गेलं. आणि काचघर गार ठेवायला जो पैसा जातो, त्यात पश्चिम घाटातल्या निशाचर प्राण्यांसाठी, दिवसा अंधार ठेवून ते जागे दिसावेत असं, एक चांगलं अंधारघर झालं नसतं का? माझ्या मते झालं असतं, आणि ते पेंग्विनच्या आधी व्हायला हवं होतं. गर्दी मात्र पेंग्विनलाच झाली असती, हेही कबूल.

‘एक जात वाचवलेली नाही.’ अरबी ओरिक्स हे हरणासारखं जनावर १९७२ च्या सुमारास रानातून संपलं होतं. अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात साठच्या दशकात जपलेल्या कळपाच्या वंशजांना १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात सोडलं. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात वाढलेले लाल पांडा तिथल्याच सिंगालिलाच्या रानात गेले. आणि वर जिचा उल्लेख केला ती पिसोरी: हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात तिची पैदास झाली आणि २०१७ पासून ती तेलंगणातल्या अमराबाद व्याघ्र प्रकल्पात सोडली जाते. आपल्याच रानातलं जनावर, आणि मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

राहिलं ‘सोडून द्या’. पिंजऱ्यात जन्मलेल्या वाघाला आईकडून शिकार शिकायला मिळत नाही, माणसाची भीती नसते. तो रानात जाणार नाही, गोठ्याशी येईल. रानातून पकडलेल्या जनावराचंही सोपं नाही. जुन्नर भागात २००१ पासून बिबटे पकडून दुसऱ्या रानात सोडले गेले, आणि सोडलेल्या ठिकाणांजवळ माणसांवरचे हल्ले वाढले, असं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात दिसलं. अनोळखी मुलूख, आधीच ठाण मांडून बसलेले दुसरे बिबटे, मग ते परतीची वाट धरतात आणि वाटेत गावं लागतात. परदेशी जनावरांची तऱ्हा आणखी निराळी. हौसेने पाळलेली लाल कानपट्टीची कासवं लोकांनी तळ्यात ‘मुक्त’ केली, आता ती देशी कासवांच्या जागेवर आणि खाण्यावर हात मारतात.

आता बोट कुठे ठेवायचं ते. हत्तीला प्राणिसंग्रहालय मानवत नाही. आपल्याकडे २००९ मध्ये प्राधिकरणानेच हत्ती तिथे ठेवू नयेत असा आदेश काढला. बाकीच्यांचं तिथे जाऊन स्वतः बघा. जनावर एकाच रेषेत, एकाच ठिकाणी वळत, सारखं फेऱ्या मारतंय का? जाळीलगत त्याच्या पायांनी मातीची पट्टी गुळगुळीत झालीय का? आडोसा आहे का, की प्रेक्षकाला बरं दिसावं म्हणून ते चोवीस तास उघड्यावर? यात काही खटकलं तर लेखी तक्रार करा, प्राधिकरण त्यासाठीच आहे. आणि शेजारचा माणूस बिस्किट फेकत असेल किंवा जाळी बडवत असेल तर त्यालाही सांगा: प्राणिसंग्रहालयात जनावराला खायला घालणं, चिडवणं, गोंगाट करणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

पोरांना नेणार असाल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा. दुपारी उन्हात सगळी झोपलेली असतात आणि पोरं ‘काही हलतच नाही’ म्हणून रडतात. बुधवारी बाग बंद.