सही नाही केली मी

आज सकाळी ग्रामपंचायतीचा चपराशी घरी आला. हातात रजिस्टर. "वहिनी, महिला ग्रामसभेची सही द्या." म्हटलं, सभा झाली कधी? "हे काय, होऊनच राहिली ना." वर चौदा सह्या, दोन अंगठे. ठरावाचं पान कोरं.

नाही केली सही. दिवसभर सोयाबीन सोंगलं, पाठ मोडून आली, पण ते कोरं पान डोक्यातून जाऊन नाही राहिलं.

माझ्या मायला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी नववीत होते तेव्हा आमच्या वावराकडची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळली. हरभरा फुलावर, विहिरीत पाणी, अन् मोटर बंद. बाबा अन् काका चकरा मारून थकले. मग माय अन् अकरा बाया फडक्यात भाकर-ठेचा बांधून वीज ऑफिससमोर जाऊन बसल्या. ना दगड, ना शिवी. खंजिरी अन् भजनं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी कागद आणला, 'लवकरच कार्यवाही करू', खाली अंगठा द्या. माय मला म्हणाली, "वाच." मी वाचलं. "तारीख कुठं हाय याच्यात?" नव्हती. "मंग टाका तारीख, मंग उठतो आमी." शाईपॅड तसंच उघडं राहिलं.

तारीख पडली. डीपी त्याच्याही चार दिवस उशिरा आली, हेही सांगते. पण आली.

अन् आम्ही शिकलेल्या बाया न वाचता सह्या देतो! राजेहो, ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची, हे कायद्यात आहे. दारूचं, पाण्याचं, अंगणवाडीचं तिथं बोलायचं असतं. उद्या 2 ऑक्टोबरची ग्रामसभा. 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल तेवढे लागतात. नाही जमले की सभा तहकूब, अन् त्या तहकूब सभेला मग गणपूर्तीच लागत नाही. आठ-दहा जण बसतात, गावाचं ठरवून मोकळे होतात. आपण वर्षभर पारावर बसून बोटं मोडायची.

सोंगणीचे दिवस आहेत, मजुरी बुडते, मान्य. पण मायचीही बुडलीच होती ना तीन दिवस.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा काय मोठं शहर आहे? 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत ते लोक बसत राहिले, एकमत होईस्तोवर बोलत राहिले, अन् 2009 मध्ये आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क घेतला. आपल्याला जंगल नाही मागायचं. रजिस्टरात लिहिलेली सभा खरोखर व्हावी, एवढंच.

सकाळी मी जाऊबाईवरही ओरडले. तिची सही होती त्या चौदांत. आता वाईट वाटतं. ती सभा तिची आहे, हे तिला सांगितलं कोणी? मीही नाही सांगितलं, इतकी वर्षं एका चुलीवर जेवून.

आत्ता भांडी घासता घासता तिनं विचारलं, "बाई, केलेली सही खोडता येते का हो?"

म्हटलं, मला नाही माहीत. उद्या विचारू. सभेत, सगळ्यांसमोर.