‘देणगीतून नाला नाही, जेसीबीवाला वाचतो’ म्हणणाऱ्या भाऊंना

नमस्कार भाऊ,

देणगीतून नाला वाचवण्याच्या कामावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. काम अर्धं असतानाच दात्यांच्या नावाचे फलक उभे राहतात, हे तुमचं म्हणणं मान्य. ती हौस आवरायला हवी. पण ‘देणगीतून नाला वाचत नाही, जेसीबीवाला वाचतो’ हे वाक्य ठोकण्याआधी लेख उघडून तरी पाहिला होता का? त्यात जेसीबी आहे कुठे? टोमणा मारायचा तर नेम धरून मारावा.

देणगी लागली ती माथ्यावर, म्हणजे नाल्याच्या वरच्या डोंगरावर. सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर; 60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल. असा 100 मीटर चर एकदा भरला की 18 हजार लिटर पाणी थांबतं. खोदाई मजुरांची, त्यामुळे मोठा पैसा गावातच राहतो. आधी हायड्रोमार्करनं, म्हणजे पाण्याच्या नळीनं पातळी दाखवणाऱ्या साध्या साधनानं, समपातळीची रेघ आखायची. नजरेनं आखली की पाणी चराच्या एका टोकाला धावतं, भराव फोडतं आणि तिथूनच नवी घळ पडते. माती उताराच्या खालच्या अंगाला, काठापासून वीतभर जागा सोडून टाकायची. नाहीतर पहिल्याच झडीत ती परत चरात. भरावावर लगेच माती धरून ठेवणारा हमाटा चारा पेरायचा.

त्याखाली घळीत अनगड, म्हणजे न घडवलेल्या दगडांचा, बांध. तो मधोमध खोलगट हवा. वरून सपाट रचला तर पाणी काठ कापून बाजूनं निघून जातं आणि बांध नुसता उभा राहतो. चरही गाळानं बुजतात, ते उपसावे लागतात; पण डागडुजीला दाता सापडत नाही, सगळ्यांना नवं काम हवं. टीकाच करायची होती तर इथे करायची होती!

आमच्या तीन पिढ्या याच नाल्याकाठच्या वावरात पऱ्हाटी (कापूस) लावतात. धुरा (शेताचा बांध) कशानं फुटतो हे आम्हाला शिकवू नका, एवढीच विनंती.

‘हे सरकारचं काम’ हा मुद्दा जुनाच, त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की माथा वनजमिनीत असेल तर परवानगीशिवाय कुदळ मारता येत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये मिळाला तसा सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर गावाचा सामाईक हक्क, असेल, तर ग्रामसभेचा ठराव आधी, देणगी नंतर.

राहिला तुम्ही दिलेला खारपाणपट्ट्याचा दाखला. अकोला-अमरावतीकडच्या पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणीच खारं, तिथे पावसाचं पाणी शेततळ्यात धरावं लागतं. आमचा नाला यवतमाळकडच्या मुरमाड डोंगरातला. नकाशा पाहून लिहिलं असतं तर दोघांचाही वेळ वाचला असता.