मोठ्या मायची चव शिकता येते

आजीच्या स्वयंपाकाबद्दल लिहिणारे बहुतेक जण शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: तिच्या हाताला चव होती, ती तिच्याबरोबर गेली. मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडे जळगाव जिल्ह्यात आजीला मोठी माय म्हणतात. माझ्या मोठ्या मायच्या हातात आहे ते आयुष्यभर रोज केलेल्या कामातून आलेलं कसब. कसब शिकता येतं. त्यासाठी कुणीतरी तिच्याजवळ बसलं मात्र पाहिजे.

भरीतच घ्या. आमच्याकडचं भरताचं वांगं मोठं, हिरवट-पांढरं, पातळ सालीचं आणि कमी बियांचं. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलंच झालं. पण वांगं पिशवीत घालून पुण्याला आणलं आणि गॅसवर धरलं की ते भरीत होत नाही. थंडीत ही वांगी भरात येतात तेव्हाच कपाशीची वेचणी उरकत असते, वाळलेल्या काड्या बांधावर रचलेल्या असतात. त्या काड्यांचा जाळ झपकन चढतो आणि वांग्याला चारी बाजूंनी लागतो. मोठी माय वांग्याला तेलाचा हात लावते, टोचे मारते, जाळात फिरवत राहते आणि मधूनमधून देठाजवळ दाबून बघते. साल कितीही काळी पडो, देठाशी मऊ लागल्याशिवाय ती वांगं बाहेर काढत नाही. सोललेलं वांगं नळाखाली धरलेलं तिला चालत नाही, धुराची चव वाहून जाते म्हणून. मग बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचायचं, मिरची-लसणासकट. फोडणीत शेंगदाणे आणि कांद्याची पात, वरून कोथिंबीर. टोमॅटो नाही, गरम मसाला तर नाहीच नाही.

सोबत कळण्याची भाकरी. आमच्या घरात चार वाट्या ज्वारीला साधारण वाटीभर अख्खे उडीद आणि जाडं मीठ, सगळं एकत्र दळून आणायचं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी ताण धरायची ताकद नसते, म्हणून गरम पाणी लागतं. उडदानेही पीठ बांधलं जातं. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापता थापता कडेला फाटते. हे मोठी माय पीठ चिमटीत चोळून आधीच सांगते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून शहरात ज्वारीचं मोठं कौतुक सुरू आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. पण कित्येक आठवडे पाकिटात पडून असलेल्या पिठाची भाकरी जमत नाही म्हणून खट्टू होणाऱ्यांना एवढंच सांगेन, तुमच्या हाताचा दोष नाही. ताजं दळून आणा.

मीठ किती, पाणी किती असं विचारलं की ती म्हणते, "हात लाईसन दख," म्हणजे हात लावून बघ. लोकांना वाटतं आजी मापं सांगत नाही, तिचा सगळा अंदाज. अहो, तो अंदाज हेच माप आहे. फक्त ते तिच्या बोटांत आहे, त्यामुळे फोनवर विचारून मिळत नाही.

घरासाठी या स्वयंपाकाचा अर्थ काय, ते आखाजीला बघावं. अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात. पितरांची घागर भरली जाते, आमरस असतो, तळलेली कुरडई असते आणि खापरावरचे, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर भाजलेले, मांडे. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मोठी करायची आणि तापलेल्या खापरावर अलगद टाकायची. आमच्या घरात वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, मधली काही वर्षं भाऊ एकमेकांशी जेमतेम बोलत होते. तरी आखाजीला खापर एकच मांडलं जायचं, कारण मांडा हातावर फिरवणारी घरात एकच होती. कुरडयांच्या वेळीही तेच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा आणि शिजवायचा. गरम चिकाची वाटी आत्यासाठी वेगळी निघायची, आत्या आता स्वतः आजी झाली तरी. कुणाला काय आवडतं हे मोठ्या मायने कधी विचारलं नाही, ती बघत आली.

म्हणूनच मला एक गोष्ट सलते. आपण तिच्या हातचं चवीनं खातो, फोटो टाकतो आणि तिलाच पुन्हा चुलीपाशी बसवतो. "चुलीवरचं जेवण" ही पाटी ढाब्यावर छान दिसते. मोठ्या मायचे डोळे त्या धुरानेच अधू झाले, असं ती स्वतः सांगते. घरात गॅस आला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला होता. सगळ्यांची ताटं उठल्यावर, उरलेल्या भाकरीबरोबर जेवायची तिची सवय घरातल्या एकाही पुरुषाला वर्षानुवर्षं खटकली नाही. तिच्या चवीवर प्रेम आहे म्हणायचं आणि तिचं काम मात्र उचलायचं नाही, हे मला मान्य नाही. आणि हे काम सुनांनी, लेकींनी शिकावं असंही नाही. नातवांनी शिकावं. आम्हाला हात आहेत, रविवार आहेत, सुट्ट्या आहेत.

आमच्याकडे आता आखाजीला खापरापाशी मी आणि माझा चुलतभाऊ असतो. वहिनी पुरण वाटते, काका जाळ सांभाळतात. मोठी माय खुर्चीवर बसून एकेकाचा हात तपासते: कणीक सैल आहे, पुरण कोरडं झालंय, जाळ कमी कर. पहिला मांडा तिच्या ताटात जातो. तो बहुतेक वेळा फाटलेला असतो. ती तुपाबरोबर सगळा खाते आणि कुठे चुकलं ते नीट समजावून सांगते. दुसरा जरा बरा होतो.