लाओसला समुद्र नाही. बरं, मग?

सुट्ट्यांचं नियोजन सुरू झालं की एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरायला लागतो: ‘लाओसला जाऊ नका. समुद्र नाही. देवळं सगळी सारखीच, अंकोर वट पाहिलंय ना, झालं. निम्मा वेळ रस्त्यात जातो. जमिनीत बॉम्ब आहेत. शाकाहारी माणूस उपाशी मरतो.’ पाच आरोप. त्यातले तीन बऱ्यापैकी खरे आहेत, पण मेसेज लिहिणाऱ्याला वाटतात त्या कारणांसाठी नाहीत.

समुद्र नाही, कबूल. चारी बाजूंनी पाच देश आहेत. पण मेकाँग आहे, आणि दक्षिणेला सी फान डॉन, म्हणजे ‘चार हजार बेटं’, इथे ती ऐसपैस पसरते. फ्रेंचांना या नदीतून थेट चीनपर्यंत आगबोटी न्यायच्या होत्या. खोन फाफेंगच्या धबधब्याने त्यांना अडवलं, तेव्हा त्यांनी चक्क बेटावर रूळ टाकले. त्या रेल्वेचं गंजलेलं इंजिन डॉन खोन बेटावर अजून उभं आहे. बीचवर असं काय बघायला मिळतं?

देवळं सारखीच? हा मुद्दा लिहिणारा वट फूला गेलेलाच नाही. चंपासाक प्रांतातलं हे मूळचं शिवमंदिर. मागच्या डोंगराच्या माथ्यावर दगडाचा नैसर्गिक सुळका आहे. त्यालाच लिंग मानून हा डोंगर ‘लिंगपर्वत’ झाला. गाभाऱ्यामागच्या कड्यातून झरा पाझरतो. त्याचं पाणी दगडी पन्हळीतून आत आणून पिंडीवर अखंड धार धरलेली असे. आपल्याकडे अभिषेकपात्र टांगतात, इथे डोंगरच टांगलाय म्हणा. आज आत बुद्धमूर्ती आहेत, मागे खडकात ब्रह्मा-विष्णू-महेश कोरलेले आहेत, आणि चढणीच्या झिजलेल्या पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना आपला देवचाफा. तोच लाओसचं राष्ट्रीय फूल. २००१ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत आलं. डागडुजीत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचाही हात आहे.

रस्ते: जुनी माहिती. डिसेंबर २०२१ मध्ये चीनच्या सीमेपर्यंत रेल्वे सुरू झाली. राजधानी व्हिएन्टिन ते उत्तरेचं लुआंग प्रबांग शहर हा प्रवास, जो घाटातला अख्खा दिवस होता, आता साधारण दोन तासांत होतो. दक्षिणेला मात्र रेल्वे नाही, तिकडे बस किंवा विमानच.

बॉम्ब खरे आहेत. फक्त ते तिथे का आहेत, हे मेसेज सांगत नाही. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने या देशावर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. क्लस्टर बॉम्बमधले कोट्यवधी छोटे बॉम्ब न फुटता मातीत राहिले, आणि आजही नांगराला किंवा पोरांच्या हाताला लागतात. धोका शेतकऱ्याला आहे. ठरलेल्या वाटेवरून चालणाऱ्या पर्यटकाला फारच कमी. फोन्सावानजवळ, दगडी रांजणांच्या पठारावर, जमिनीत लाल-पांढऱ्या खुणा बसवल्यात: पांढऱ्या बाजूला राहायचं, लाल बाजूला पाय टाकायचा नाही. आत माणूस मावेल एवढे ते रांजण दोन हजार वर्षांपूर्वीच्या दफनविधीतले मानले जातात, आणि त्यांच्या अधेमधे बॉम्बचे खड्डे. जवळच्या गावांत बॉम्बची रिकामी कवचं घरांचे खांब झालीत, कुणी त्यात कांद्याची पात लावलीय. हे बघून कुणाला सहल नकोशी वाटली तर समजू शकतं. पण ‘बघण्यासारखं काही नाही’ असं मात्र म्हणू नका.

राहिलं जेवण. इथे मेसेज बरोबर आहे. पादेक, म्हणजे आंबवलेल्या माशांचा रस, भाजीतसुद्धा पडतो. ऑर्डर देतानाच ‘बो साई पादेक’, घालू नका, असं सांगायचं. तरी शंका वाटलीच, तर वेताच्या टोपलीतला वाफाळता चिकट भात आहेच. बोटांनी गोळा करून खायचा असतो, म्हणजे चमचा शोधायचीही गरज नाही.