एवढुसा तर बोर्ड आहे!

"सर, एवढुसा तर बोर्ड आहे, फक्त सही-शिक्का मारून द्या."

स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून माझ्याकडे सही मागायला आलेला या आठवड्यातला हा तिसरा. पुण्याबाहेर उघड्या माळावर एनए प्लॉटची जाहिरात, आठ बाय चारचा पत्रा, दोन पाइप, खालची कड जमिनीपासून आठ फूट. बोर्डाचं वजन चाळीस किलो, म्हणून फॅब्रिकेटरने पायाही चाळीस किलोच्या हिशोबाने ठरवलेला. दीड-दीड फुटाचे दोन खड्डे, त्यात काँक्रीट ओतलं, झालं!

अरे बाबा, तो बोर्ड जमिनीत खचणार नाहीये, आडवा होणार आहे! आयएस 875 चा भाग 3 उघड, म्हणजे बांधकामावरच्या वाऱ्याच्या भाराचा भारतीय कोड. पुण्याला वाऱ्याचा मूळ वेग 39 मीटर प्रतिसेकंद. त्याचा वर्ग गुणिले 0.6, म्हणजे चौरस मीटरला 913 न्यूटन, साधारण 93 किलो. त्यावर बोर्डाचा 1.2 चा गुणक. तीन चौरस मीटरच्या पत्र्यावर झाले सव्वातीनशे किलोच्या वर, तेही दहा फुटांवर आडवे लागणारे. तुझा दीड फुटी ठोकळा भरतो जेमतेम सव्वादोनशे किलो, आणि स्वतःच्या वजनावर मोमेंटचा, म्हणजे बोर्ड उलथवणाऱ्या जोराचा, दहावा हिस्सा पेलतो. उरलेलं माती धरेल म्हणे. वळवाने भिजलेली काळी माती!

मग सुरू होते घासाघीस. "तीनच मीटरवर आहे, वारा कमी धरा की." नाही धरता येत, कोडमध्ये दहा मीटरपर्यंत एकच किंमत आहे. "फ्लेक्स लावून भोकं पाडतो." पाड, त्याने फारसा फरक पडत नाही. आणि शेवटी हुकमाचा एक्का: "तात्पुरता आहे हो, दोन वर्षांचा." तात्पुरत्या बांधकामाला के-वन, म्हणजे वाऱ्याच्या वेगाला लावायचा जोखमीचा गुणक, 1 ऐवजी 0.76 चालतो, त्याचाही वर्ग होतो, म्हणजे वारा एकदम बेचाळीस टक्के स्वस्त! हे मात्र सगळ्यांना पाठ. याच माणसाचा 'दोन वर्षांचा' आधीचा बोर्ड मी नऊ वर्षं बघतोय. प्लॉट विकून तिथे बंगले झाले, बोर्ड अजून उभाच, तळाशी गंजून पापुद्रे सुटलेले पाइप घेऊन.

मुंबईत घाटकोपरला पडलेल्या होर्डिंगचं नाव काढलं. मे 2024, 17 माणसं गेली. तर म्हणतो, "तो 120 बाय 120 फुटांचा होता हो सर." अरे, चौरस मीटरमागचा दाब पत्र्याचं माप विचारून येत नाही! आणि तुझ्या बोर्डाखाली सावलीला रसवंतीवाला बसतो, त्याला सव्वातीनशे किलो काय नि तीन टन काय.

चार फूट खोल फूटिंग (पाया), जाड पाइप असं काढून दिलं. फीचं नाव काढताच फोन बंद. काल व्हॉट्सअॅपवर फोटो आला: बोर्ड उभा, खड्डे तेच दीड फुटी, आणि एका पाइपला तारेने करकचून बांधलेली बाभळ. खाली लिहिलंय, "सर, आता तरी सही द्याल ना?"